दुसऱ्यांदा विचारायचं असतं

समोरच्या फ्लॅटमध्ये अफगाणिस्तानातलं एक कुटुंब राहायला येणार आहे, ही बातमी आमच्या ह्यांनी मला जेवताना सांगितली, तीही आमटी वाढून घेता घेता. तो फ्लॅट ह्यांच्या आत्याचा. त्या गेल्यावर ह्यांच्याकडे आला. सदाशिव पेठेतली आमची इमारत जुनी, लिफ्ट नसलेली. तिसऱ्या मजल्यावर आमचं दार आणि बरोबर समोर ते दार. आजवर तिथे स्पर्धा परीक्षावाली मुलं राहिली, एक होमिओपॅथ राहिले, पेटी शिकवणारे एक गृहस्थ राहिले. परदेशातलं कोणी आलं नव्हतं.

"अफगाणिस्तान म्हणजे नेमकं कुठलं गाव?" मी विचारलं.

"हेरात. नवरा इथे पीएच.डी. करतो. बायको आहे, लहान मुलगी आहे. पोलिसांकडची नोंद झाली आहे. आणखी काही?"

"आणखी काही?" हा ह्यांचा बोलणं संपवायचा शिक्का. विमा कंपनीच्या काउंटरवर बसून जन्म गेला, तिथे तो तयार झाला असावा. माझं मात्र खरं तिथून सुरू झालं. मी मुळात चौकस. ह्यांच्या भाषेत भोचक. हेरातमध्ये काय खातात, मुलींची लग्नं कशी ठरतात, थंडीत अंघोळ रोज करतात का, हे मला त्याच क्षणी जाणून घ्यायचं होतं. समोर आमटी भुरकणारा माणूस यातलं काहीच विचारून आला नव्हता.

ती आली त्या दिवशी मी पोहे केले. सामान चढत होतं, पण फार नव्हतंच. गुंडाळलेल्या गाद्या, लांबट उशा, दोन मोठ्या बॅगा आणि पुस्तकांचे खोके. ती तिशीतली, उंच, डोक्यावरची ओढणी सारखी मागे सरकणारी. मी झाकलेली ताटली पुढे केली तशी ती दोन पावलं मागे गेली. "नहीं नहीं, आप तकलीफ मत कीजिए." मी म्हटलं, कसली तकलीफ, घे. "नहीं, सच में, हमने खाया है." स्वयंपाकाचं सामान अजून बॅगेतून निघालेलंही नव्हतं. कुठे खाल्लं असणार? माझ्या तोंडून एकदम माहेरची भाषा निघाली, "घे नं वं, लाजतं काहून?" आणि ताटली मी तिच्या हातात कोंबली. तिला शब्द कळले नसणार. पण तिनं ती ताटली दोन्ही हातांनी धरली आणि अशी हसली की मला वाटलं, ही पोरगी आमच्या यवतमाळची आहे.

हे मला का वाटलं ते सांगायला हवं. मीही या पेठेत बाहेरूनच आलेली. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात ह्यांच्या त्या आत्यांकडे, म्हणजे समोरच्याच घरात, मला पाया पडायला नेलं. आत्यांनी विचारलं, "चहा घेणार आहेस का?" आमच्याकडे असं विचारल्यावर "नको, कशाला उगाच" म्हणायचं असतं. मग यजमानीण रागावते, मग आपण म्हणायचं "बरं, अर्धा कप", आणि मग पूर्ण कपासोबत चिवड्याची बशी येते. मी म्हटलं, "नको, कशाला उगाच." आत्या म्हणाल्या, "बरं." आणि ह्यांच्याशी पाणीकपातीबद्दल बोलायला लागल्या. मी तासभर तिथे चहाची वाट बघत बसले. डोकं ठणकायला लागलं. घरी परतल्यावर ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "नको म्हणालीस ना? मग?"

त्या 'मग?'चं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. पण पुण्यात पहिल्याच प्रश्नाला हो म्हणायचं, हे मात्र पक्कं शिकले. इतकं शिकले की पुढे माहेरी जेवायला बसल्यावर वहिनीनं "आणखी पोळी?" विचारलं की मी "नको" म्हणायची आणि तिनं तरीही वाढली की चिडायची. माझी बहीण म्हणायची, ही आता पुण्याची झाली.

तर समोर बिऱ्हाड लागलं आणि माझं जाणं-येणं सुरू झालं. ती मला आधी 'खाला' म्हणायची, म्हणजे मावशी. मी म्हटलं, काकू म्हण. ह्यांना ती 'काका' म्हणायला लागली. हे तिला अर्थातच 'तुम्ही' म्हणायचे. हे बोक्यालासुद्धा 'तुम्ही' म्हणतात. तिचं हिंदी सगळं टीव्हीवरच्या मालिकांतून आलेलं होतं. त्यामुळे दूध नासलं तरी ती "ये आप क्या कह रही हैं!" इतक्या आर्त सुरात म्हणायची की मला आधी कोणी गेलं की काय असं वाटायचं.

त्यांच्या घरात खुर्ची नव्हतीच. भिंतीलगत गाद्या, पाठीला त्या लांबट उशा, आणि जेवायच्या वेळी मधोमध एक मोठं कापड अंथरायचं. ते कापड कोणी ओलांडायचं नाही. आमच्याकडे ताट ओलांडत नाहीत, तसंच. चहा वेलदोड्याचा, बिनदुधाचा. साखर कपात न घालता गोळी दातात धरायची आणि वरून चहा प्यायचा. मी करून बघितलं. पहिल्याच घोटात गोळी संपली आणि उरलेला कप कडू प्यावा लागला. ती म्हणाली, घाई करता काकू.

मला सगळ्यात गंमत वाटायची ती त्यांच्या विचारपुशीची. तिच्या नवऱ्याचा मित्र आला की दारातच सुरू व्हायचं. कसे आहात, बरे आहात, घरी बरे आहेत, जीव बरा आहे, थकला नाहीत ना. दोघंही एकाच वेळी विचारताहेत आणि उत्तर कोणीच देत नाही. मी तिला विचारलं, कळतं कसं मग? ती म्हणाली, "उत्तर नको असतं. विचारायचं असतं." हीच विचारपूस तिनं आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात सुरू केली. आप कैसे हैं, तबियत कैसी है, घर में सब खैरियत? दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "काय हवंय?" ती खट्टू होऊन परत आली. मी समजावलं की तो माणूस सख्ख्या भावाशीही तसाच बोलतो. तिनं हट्ट सोडला नाही. काही महिन्यांनी मी तिथे हिंग घ्यायला गेले तर तो तिला विचारत होता, "काय ताई, घरचे बरे ना तिकडचे?" मी गेली कित्येक वर्षं त्याच्याकडून सामान घेते. माझ्या घरच्यांची चौकशी त्यानं आजतागायत केलेली नाही.

त्यांचं नवं वर्ष आपल्या पाडव्याच्या आसपास येतं. त्या वेळी तिनं बेदाणे, अक्रोड, बदाम, पिस्ते, जर्दाळू असा सात प्रकारचा सुका मेवा पाण्यात भिजत घातला. दोन दिवसांनी ते पाणी मधासारखं गोड झालं, त्यात साखरेचा कणही नव्हता. मी तिला श्रीखंड दिलं. तिनं ते पावाला लावून खाल्लं. मी काही बोलले नाही.

मग भांड्याचा प्रकार झाला. तिच्याकडे खिडकीत एक निळ्या काचेचं भांडं होतं, वाडग्याएवढं, जरा वेडंवाकडं, आत बुडबुडे अडकलेले. एकदा आमचे हे नळाच्या वॉशरसाठी तिकडे गेले होते. ह्यांनी ते भांडं बघून म्हटलं, "छान आहे." हे आयुष्यात फार थोड्या गोष्टींना छान म्हणतात. ती म्हणाली, "आपका है काका, ले लीजिए." हे म्हणाले, "बरं. थँक यू." आणि भांडं घेऊन घरी आले.

मी बघतच राहिले. "अहो, असं कोणी उचलून आणतं का?"

"उचलून नाही आणलं. त्यांनी दिलं, मी घेतलं. दिलेलं नाकारायचं, हा अपमान झाला असता."

भांडं आमच्या शोकेसमध्ये जाऊन बसलं. मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी गेले तर खिडकीत त्या जागी काहीच ठेवलेलं नव्हतं आणि ती नेहमीपेक्षा जास्त गोड बोलत होती. मी सरळ विचारलं, कारण मला दुसरं काही येत नाही. ते भांडं तू द्यायचं म्हणून दिलंस का? तिनं आधी "हां, बिल्कुल, काका का हक है" असं बरंच काही म्हणून बघितलं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसायला लागली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. ते भांडं तिच्या वडिलांनी हेरातच्या भट्टीवाल्याकडून तिला आणलेलं होतं. विमानात तिनं ते स्वेटरमध्ये गुंडाळून मांडीवर धरून आणलं होतं.

त्या दिवशी तिनं मला तारुफ समजावून सांगितलं. पाहुण्यानं कौतुक केलं की 'तुमचंच आहे, न्या' म्हणायचं. पाहुण्यानं म्हणायचं, 'छे छे, तुमच्याकडेच शोभतं.' काही द्यायचं झालं तर एकदा विचारणं ही नुसती रीत, नाही म्हणणं हीसुद्धा रीत. दुसऱ्यांदा विचारतात, पुन्हा नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की समजायचं, हा मनापासून विचारतोय. आणि कोणी एकदाच विचारून थांबलं तर? "तर समजायचं," ती म्हणाली, "की त्याला द्यायचं नाहीये. आपण उठायचं आणि जायचं."

मी तिला आत्यांच्या चहाची गोष्ट सांगितली. दोघी पोट धरून हसलो. मी तिला बजावलं, "पुण्यात पहिल्यांदाच हो म्हणायचं, नाहीतर उपाशी मरशील." भांड्यात डिंकाचे लाडू घालून मी ते परत नेऊन दिलं, कारण आपल्यात भांडं रिकामं परत देत नाहीत. तिनं अर्थातच नको, नको, काकांना आवडलंय, असं पुरेसं म्हणून घेतलं आणि मग इतक्या घट्ट धरलं की लाडू दबले असतील. ह्यांना मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे लोक काय म्हणतात आणि त्याचा अर्थ काय, याचं कोष्टक भिंतीवर लावा आता."

या सगळ्यात एक गोष्ट हळूहळू उभी राहत होती, ती म्हणजे तिचा क्लास. हेरातमध्ये ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. मग राज्य पालटलं, मोठ्या मुलींची शाळा बंद झाली, तिचीही. ती एका सकाळी शाळेपर्यंत जाऊन फाटकावरून परत आली होती. नवरा त्याआधीच इथे शिकायला आलेला होता. त्यानं कसंबसं दोघींना बोलावून घेतलं. इथे पहिलं वर्ष ती घरातच होती. मग खालच्या मजल्यावरची एक मुलगी अपूर्णांकांत अडली म्हणून रडत जिन्यात बसली होती. हिनं तिला आत बोलावलं, संत्रं सोलून समोर ठेवलं आणि अपूर्णांक शिकवला. त्या मुलीला चाचणीत चांगले मार्क मिळाले. मग तिची मैत्रीण आली, मग मैत्रिणीचा भाऊ.

पेठेतले पालक आधी बिचकले. एक आई मला जिन्यात गाठून म्हणाली, "मॅडम कुठल्या आहेत?" मी म्हटलं, हेरातच्या. "ते नाही हो, कुठल्या बोर्डाच्या?" पण मुलं टिकली आणि वाढली. संध्याकाळी आमच्या मजल्यावर चपलांचा खच पडायला लागला. आमच्या ह्यांनी तीन दिवस सहन केलं आणि चौथ्या दिवशी दोन दारांच्या मधे पाटी लावली, 'चपला रांगेत ठेवाव्यात. न जमल्यास पायातच ठेवून घरी जावे.' मी वैतागले. ती मात्र खूश झाली. तिला वाटलं, काकांनी क्लासला मान्यता दिली. आणि खरं सांगायचं तर दिलीच होती. संध्याकाळी हे पेपर घेऊन आमच्या दाराजवळच्या खुर्चीत बसायचे ते बातम्यांसाठी नव्हे. तिकडून पाढ्यांचा आवाज आला नाही की मला विचारायचे, "आज सुट्टी आहे का समोर?"

एकदा ती मला म्हणाली, तोवर तिचं मराठी बरंच सुधारलं होतं, "काकू, मुलं मला मॅडम म्हणतात ना, तेव्हा मी परत मी होते. मधे मी कोणीच नव्हते." मी तिचा हात धरला.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझ्या भाचीचं बाळंतपण होतं, म्हणून मी यवतमाळला गेले आणि जरा जास्तच राहिले. परत आले तर जिन्यात खोकी. समोरचं दार उघडं, गाद्या गुंडाळून भिंतीला टेकवलेल्या. ती मला बघून उठली, ओढणी सावरली, "कैसी हैं काकू, सफर कैसा रहा, भाची कशी, बाळ कसं, थकला नाहीत ना," सगळं नीट विचारलं. पण माझ्या डोळ्यांकडे बघेना. मी विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, "वाघोलीला घर बघितलं आहे. मोठं आहे. हवा चांगली आहे."

वाघोली! इथून तिथे जायला अर्धा दिवस मोडतो. पेठेतलं एक पोर तिथे गणिताला जाणार नव्हतं.

मी पिशवी खाली न ठेवताच ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "काय म्हणालात तुम्ही त्यांना?"

"मी काय म्हणणार? करार संपत आला होता. त्या जिन्यात भेटल्या, मी विचारलं, पुढे राहायचं आहे का? त्या म्हणाल्या, नको काका, आम्ही तुम्हाला खूप त्रास दिला. मी म्हटलं, बरं." ह्यांनी पेपरची घडी घातली. "एजंटला सांगितलं. नागपूरचं एक जोडपं येतंय, दोघं खराडीला नोकरी करतात. मी त्यांना शब्द दिला आहे."

"अहो, तारुफ! मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"ते चहाचं झालं. घर म्हणजे काय चहा आहे का? राहायचं असेल तर माणूस हो म्हणेल. त्या नाही म्हणाल्या." आणि मग जरा थांबून, दुसरीकडे बघत म्हणाले, "मलाही वाटलं नव्हतं त्या नाही म्हणतील."

हे दुखावले आहेत हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. बोलून दाखवायची सवय नाही, म्हणून इतके दिवस नुसते घड्या घालत बसले होते. मी तशीच समोर गेले आणि दार लावून घेतलं. तिला म्हटलं, मी तुला काय शिकवलं होतं? पहिल्यांदाच हो म्हणायचं. का नाही म्हणालीस?

"चहासाठी मी शिकले काकू," ती म्हणाली. "पण घर कसं मागू? पाहुणा घर मागत नाही. मला वाटलं, काका पुन्हा विचारतील. मी वर येईपर्यंत हळूहळू चढले. रात्री नवरा म्हणाला, उद्या विचारतील. उद्या नाही विचारलं. परवा एक माणूस घर बघायला आला." तिनं उशीच्या अभ्र्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "एकदा आम्हाला घर सोडावं लागलं. तेव्हा कोणी विचारलंही नव्हतं. इथे निदान विचारलं, असं मी मुलीला सांगितलं."

मला इतका राग आला, की कोणाचा ते कळेना. ह्यांचा, तिचा, दोघांच्या रीतींचा. दोन्हीकडची माणसं चांगली, दोघांनाही एकच हवं, आणि मधे दोन दारांइतकंच अंतर. घरी येऊन मी ह्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती जिना हळूहळू चढली, हेही.

हे म्हणाले, "मग हो म्हणायला काय झालं होतं?"

"आणि तुम्हाला दुसऱ्यांदा विचारायला काय झालं होतं? मीही समोरच्या त्याच घरात नको म्हणून तासभर बसले होते. मला तरी कोणी दुसऱ्यांदा विचारलं?"

संध्याकाळी हे फोन घेऊन गॅलरीत गेले. ह्यांनी दिलेला शब्द मोडल्याचं मला आठवत नाही. एकदा एका लग्नाला जातो म्हणाले होते, तर अंगात ताप असताना गेले होते. आतून मला ऐकू येत होतं. एजंट भडकला होता. हे दोनदा "माझी चूक आहे" म्हणाले. फोन ठेवून आत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. मी म्हटलं, अहो, पण समोरच्यांना आधी विचारायचं तरी. त्या खरंच नाही म्हणाल्या तर दोन्ही गेलं. हे म्हणाले, "दुसऱ्याला दिलेलं घर त्यांना कुठल्या तोंडानं देऊ? आधी मोकळं करायला नको?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. समोरच्या दारात जायला! मी मागे उभी राहिले. जायच्या आधी मी बजावलं होतं की ती नाही म्हणणार, तरी विचारत राहायचं आणि मधेच माझ्याकडे बघायचं नाही. दार उघडंच होतं. ती सुतळीनं पुस्तकांचं खोकं बांधत होती. ह्यांनी उघड्या दारावर टकटक केली.

ती उठली. बसायला गादीच उरली नव्हती, त्याचीच तिला लाज वाटली. हे म्हणाले, "बसत नाही. एक सांगायचं होतं. तुम्ही इथेच राहावं असं मला वाटतं."

"नाही काका," ती म्हणाली. "तुम्ही खूप केलंत. किती त्रास द्यायचा आम्ही?"

ह्यांनी लगेच माझ्याकडे बघितलं. मी जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिले.

"राहा," हे म्हणाले.

"नको काका. वाघोलीचं घर चांगलं आहे. आम्ही त्यांना हो म्हटलंय." तिचा आवाज अगदी साधा होता. हसू नव्हतं, मागे सरकणं नव्हतं. हे नाही रीतीचं की खरं, ते मला ओळखता येईना. इतकी वर्षं सगळ्यांच्या घरात डोकावले, आणि नेमकं जे कळायला हवं होतं ते कळत नव्हतं.

ह्यांनी घसा खाकरला. "हे बघा, मला आग्रह करता येत नाही. आमच्या घरात कोणी केला नाही, मला कोणी शिकवला नाही. तुम्ही राहा. आता तीनदा झालं. चौथ्यांदा काय म्हणायचं ते मला माहीत नाही."

तिच्या हातातली सुतळी तशीच. मग ती खाली बघत म्हणाली, "काका, त्या दिवशी तुम्ही एकदाच विचारलंत. मला वाटलं, आम्ही नको झालो तुम्हाला."

हे खरोखरच चकित झाले. "नको झालात? अहो, मला नको असलेल्या माणसाला मी एकदासुद्धा विचारत नाही."

आतल्या खोलीतून तिच्या नवऱ्यानं त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. तिनं सांगितलं. ह्यांचं ते एवढंसं वाक्य सांगायला तिला पुष्कळ वेळ लागला आणि सांगता सांगता ती त्या खोक्यावर बसली आणि रडायला लागली. मीही रडले, त्यात लपवायचं काय. तिचा नवरा बाहेर आला, छातीवर हात ठेवून ह्यांच्यासमोर उभा राहिला.

"राहतो," ती म्हणाली. "राहतो काका. मला जायचंच नव्हतं."

"बरं," हे म्हणाले आणि वळले. दोन पावलं गेले, आमच्या दारापर्यंत पोचले, आणि मग थांबून मागे वळून ह्यांनी विचारलं, "नक्की ना?"